पुण्यातले मोटरहोम बर्फाच्या मुलखात नेण्यापूर्वी करावयाची तयारी

पुण्यात बांधली जाणारी बहुतेक मोटरहोम उकाड्याचा विचार करून बांधलेली असतात. छतावर हवा खेचणारा पंखा, मोठ्या खिडक्या, चॅसिसखाली उघड्यावर लटकणारी पाण्याची टाकी आणि रेडिएटरमध्ये कूलंटपेक्षा नळाचेच पाणी जास्त, अशी गाडी कोकणात वर्षानुवर्षे विनातक्रार चालते. तीच गाडी डिसेंबरअखेरीस मनाली, सोलंग किंवा गुलमर्गला नेली, तर पहिल्याच रात्री तिच्या पाइपांत बर्फ होऊ शकतो, पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी ओघळू लागते आणि सकाळी इंजिन सुरू होईल याची खात्री राहत नाही. पुण्यात पारा आठ-दहा अंशांवर आला की आपण कडाक्याची थंडी म्हणतो. तिकडे रात्री तो शून्याच्या बराच खाली जातो आणि उंचावरच्या गावांत काही वेळा दिवसाही शून्याच्या वर येत नाही.

ही तयारी पुण्यातच, दसऱ्याच्या सुमारास सुरू करावी, असे मी आग्रहाने सांगेन. हवा कोरडी असते, त्यामुळे चिकटवण्याची व सील करण्याची कामे नीट होतात. भोसरी-चाकण भागात पत्र्याचे आणि बॉडीचे काम जाणणारे कारागीर आहेत, विजेचे सामान तपकीर गल्लीत आणि गाड्यांचे सुटे भाग नाना पेठेत मिळतात. डोंगरात पोहोचल्यावर बधिर बोटांनी यातले एकही काम धड होत नाही. मात्र हत्यारे हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट करावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून हीटर, जादा डिझेल टाकी किंवा छतावरचे नवे वजन यांबाबत परिवहन कार्यालयात आधी विचारावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

पहिली पायरी : भिंती, छत आणि काचा

बहुतेक नवखे लोक आधी हीटर विकत घेतात. क्रम उलटा हवा. आतली पॅनेल एकदाच उघडावी लागावीत यासाठी उष्णतारोधनाचे काम सर्वांत आधी करावे आणि हीटर किती क्षमतेचा हवा, ते त्यानंतर ठरवावे.

लोखंडी पत्रा आणि आतले पॅनेल यांच्यामधल्या पोकळीत बंद छिद्रांचा फोम बसवावा. एसीच्या डक्टला गुंडाळतात तो नायट्राइल रबराचा काळा फोम या कामासाठी उत्तम असून १९ ते २५ मिलिमीटर जाडी पुरेशी होते. ग्लासवूल स्वस्त पडते, पण ते ओल शोषते आणि शोषलेली ओल पत्र्याला धरून ठेवते. शिवाय खड्ड्यांच्या रस्त्यावर हादरे बसून ते पोकळीत खाली बसते आणि वरचा भाग उघडा पडतो. थर्माकोलचे तुकडे कोंबण्याची पद्धतही टाळावी, कारण तुकड्यांच्या फटींतून उबदार हवा पत्र्यापर्यंत पोहोचते आणि तेथे तिचे पाणी होते.

ज्या जागा बहुधा राहून जातात त्या म्हणजे बॉडीचे लोखंडी आडवे-उभे पट्टे. फोम पट्ट्यांच्या मध्ये बसतो आणि पट्टे उघडेच राहतात, मग सारी थंडी त्यांच्यातूनच आत येते. म्हणून पट्ट्यांवरून निदान पाच-सहा मिलिमीटरचा फोम सलग न्यावा आणि पॅनेलचे स्क्रू थेट लोखंडाला न भिडतील असे पाहावे. जमिनीलाही विसरू नये. प्लायखाली कडक फोमचा थर दिल्यास रात्री पाय ठेवताना फरक लगेच जाणवतो.

काचांमधून सर्वाधिक उष्णता जाते. प्रत्येक खिडकीच्या नेमक्या मापाचे चंदेरी बबल-फॉइलचे पडदे शिवून घ्यावेत आणि ते काचेला घट्ट चिकटतील अशी सोय करावी. चालकाच्या केबिनमधील तीन मोठ्या काचा आणि झोपण्याची जागा यांच्यामध्ये जाड घोंगडीचा किंवा रजईच्या कापडाचा पडदा लावता आला, तर गरम ठेवायची जागाच कमी होते.

दुसरी पायरी : ऊब, हवा आणि विषारी वायू

ही पायरी घाईने वाचू नये. बंद खोलीत किंवा गाडीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी मृतावस्थेत सापडल्याच्या बातम्या उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येतात. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. झोपेत असलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. म्हणून गाडीत कोळशाची शेगडी, अंगीठी, कांगडी (निखाऱ्यांचे काश्मिरी भांडे), उघड्या ज्योतीचा गॅस हीटर किंवा रात्रभर जळणारी गॅसची शेगडी यांपैकी काहीही वापरायचे नाही. ‘थोडी खिडकी उघडी ठेवू’ ही तडजोडही मान्य करू नये.

योग्य उपाय म्हणजे डिझेलवर चालणारा हवेचा हीटर. त्यात ज्वलनासाठीची हवा बाहेरून घेतली जाते, धूर बाहेर सोडला जातो आणि आतली हवा वेगळ्या मार्गाने फिरून गरम होते. नीट उष्णतारोधन केलेल्या लहान व्हॅनला दोन किलोवॉटचा हीटर पुरतो, मोठ्या गाडीला चार-पाच किलोवॉटचा लागतो. गरजेपेक्षा फार मोठा घेऊ नये, कारण तो सतत मंद आचेवर चालतो आणि आत काजळी धरतो. दोन किलोवॉटचा हीटर मध्यम आचेवर रात्रभरात साधारण दीड-दोन लिटर डिझेल पितो. उंचावर हवा विरळ असल्याने ज्वलन अपुरे होते आणि काजळी वाढते, त्यामुळे उंचीनुसार इंधन कमी करण्याची सोय असलेलाच हीटर निवडावा. अटल बोगदा समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरपेक्षा उंचावर आहे आणि मनाली सुमारे २,००० मीटरवर, हे लक्षात घेता या सोयीवर पैसे वाचवणे योग्य नाही.

धुराचा पाइप गाडीच्या खालून बाजूला काढावा. त्याचे तोंड दरवाजा, खिडकी किंवा हीटरचाच हवा घेणारा पाइप यांच्याजवळ नको. रात्री बर्फ साचून हे तोंड बुजू शकते, म्हणून झोपण्यापूर्वी आणि रात्री जाग येईल तेव्हा ते मोकळे आहे का ते पाहावे. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी दोन यंत्रे घ्यावीत, एक झोपण्याच्या जागेजवळ आणि दुसरे हीटरजवळ. प्रवासाला निघण्यापूर्वी त्यांच्यात नव्या बॅटऱ्या घालाव्यात. इंजिन चालू ठेवून ऊब घेत झोपू नये, कारण सायलेन्सरचे तोंड बर्फात बुजले की तोच वायू खालून आत शिरतो.

याच्या जोडीला ओलीचा विचार करावा लागतो. दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून एका रात्रीत अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत मिसळते. एक किलो एलपीजी जळाला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. हे सारे थंड पत्र्यावर आणि काचांवर जमा होते, गादीखाली मुरते आणि चार दिवसांत अंथरुणाला कुबट वास येऊ लागतो. थंडी वाजते म्हणून छताची झडप पूर्ण बंद करण्याचा मोह होतो, पण ती बोटभर उघडीच ठेवावी आणि खालूनही हवा येण्यास वाट असावी. हीटर चालू असताना थोडी हवा बाहेर गेली तरी आतली ऊब टिकते आणि हवा कोरडी राहते. गादीखाली फळ्यांची जाळी ठेवावी, ओले बूट व जाकिटे दाराजवळ वेगळी टांगावीत आणि स्वयंपाक करताना पंखा चालू ठेवावा.

गॅसबाबत आणखी एक अडचण येते. आपल्याकडचा एलपीजी हा प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश, तर ब्यूटेनचा उणे अर्धा अंश आहे, त्यामुळे शून्याखालच्या तापमानात सिलिंडरमधील ब्यूटेनचा वायू होत नाही आणि शेगडी मंद जळते. अशा वेळी सिलिंडरवर गरम पाणी ओतणे किंवा तो ज्योतीजवळ नेणे अत्यंत धोक्याचे आहे. सिलिंडरची जागा सीलबंद कप्प्यात, तळाशी बाहेर उघडणारे छिद्र ठेवून करावी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तो खाली उतरतो. प्रेशर कुकर मात्र नक्की न्यावा. मनालीच्या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

तिसरी पायरी : पाणी

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि त्याला जागा नसेल तर पाइप, पंप, फिल्टर किंवा नळ फोडते. बर्फ असताना ही फूट दिसत नाही. बर्फ वितळला की गाडीत पाणी होते. चॅसिसखालची टाकी शक्य असल्यास आत, पलंगाखाली हलवावी आणि हीटरच्या गरम हवेची एक शाखा त्या कप्प्यात न्यावी. ते जमत नसेल, तर माझा सल्ला असा की हिवाळ्यापुरती ही संपूर्ण यंत्रणा रिकामी करून ठेवावी आणि आत वीस लिटरचे दोन कॅन वापरावेत. नवख्यांसाठी हाच मार्ग अधिक भरवशाचा आहे.

यंत्रणा रिकामी करताना टाकीचा खालचा कॉक उघडावा, सर्व नळ गरम व थंड अशा दोन्ही बाजूंनी उघडे ठेवावेत, पंप काही क्षण कोरडा चालवून लगेच बंद करावा, गिझर आणि फिल्टरचे भांडे वेगळे रिकामे करावे आणि शॉवरची नळी खाली लोंबत ठेवावी. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी उरतेच. तेथे प्रोपिलिन ग्लायकॉल असलेले बिनविषारी द्रावण ओतावे. रेडिएटरचे कूलंट येथे कधीही वापरू नये, कारण त्यातील इथिलिन ग्लायकॉल विषारी असते. सांडपाण्याची टाकी चॅसिसखालीच असेल, तर तिचा कॉक उघडा ठेवून खाली बादली लावावी आणि ती योग्य जागी रिकामी करावी. रस्त्यावर सोडलेले पाणी गोठून मागून येणाऱ्यांना घातक ठरते.

चौथी पायरी : इंजिन आणि इंधन

डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. थंडीत त्यांचे स्फटिक होतात, फिल्टर चोंदतो आणि इंजिन बंद पडते. आयएस १४६० या भारतीय मानकात डिझेलच्या ओतनबिंदूची, म्हणजे ते कोणत्या किमान तापमानापर्यंत वाहते त्या बिंदूची, कमाल मर्यादा उन्हाळ्यासाठी १५ अंश आणि हिवाळ्यासाठी ३ अंश सेल्सियस ठेवलेली आहे. पुण्यात भरलेल्या टाकीवर डोंगरात विसंबून राहू नये, याचे कारण या आकड्यांत आहे. वाटेत टाकी बरीच खाली येऊ द्यावी आणि चढ सुरू होण्यापूर्वी मंडी-कुल्लूच्या भागात तेथील डिझेलने ती भरावी. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. उंचावर जेथे ते मिळते तेथे तेच घ्यावे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा सल्ला जुने ट्रकचालक देतात, पण बीएस-सहा (भारतातील प्रदूषण-मानक) इंजिनांतील उच्च दाबाच्या पंपाला आणि इंजेक्टरला डिझेलमधूनच वंगण मिळते, त्यामुळे हा प्रयोग महागात पडतो. कंपनीने मान्य केलेले थंडीसाठीचे मिश्रक मिळाले, तर ते डिझेल पातळ असतानाच टाकीत घालावे. मेण धरल्यानंतर त्याचा उपयोग होत नाही. निघण्यापूर्वी डिझेल फिल्टर नवा बसवावा, एक जोडीला ठेवावा आणि फिल्टरमधले पाणी काढून टाकावे.

बीएस-सहा गाडीत डीईएफ अर्थात धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी असेल, तर ते द्रावण उणे ११ अंशांना गोठते, हे माहीत असावे. त्यामुळे टाकी काठोकाठ भरू नये. गोठलेले द्रावण वितळवण्याची सोय गाडीत असते. त्यात पाणी किंवा अन्य काहीही मिसळू नये.

कूलंट बदलण्याचे काम साधे आहे, पण ते टाळले तर इंजिनच फुटू शकते. जुने द्रावण पूर्ण काढून इथिलिन ग्लायकॉलचे कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरावे. असे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत टिकते, तर ३० टक्के कूलंटचे मिश्रण उणे १५ अंशांच्या आसपासच गोठू लागते. गॅरेजमध्ये रिफ्रॅक्टोमीटर (द्रावणातले कूलंटचे प्रमाण दाखवणारे उपकरण) असल्यास त्यावर मोजून घ्यावे. केवळ हिरवा रंग दिसला म्हणून समाधान मानू नये. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी नको, न गोठणारे द्रावण हवे. इंजिन ऑइलबाबत गाडीच्या पुस्तिकेत कमी तापमानासाठी जो ग्रेड दिला असेल तोच वापरावा.

पाचवी पायरी : बॅटऱ्या

थंडीत लेड-ॲसिड बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे स्टार्टरला अधिक ताकद लागते. तीन-चार वर्षे जुनी बॅटरी पुण्यात ठीक वाटत असली, तरी भाराखाली तपासून घ्यावी आणि शंका आली तर बदलावी. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे दहा अंशांच्या आसपास गोठून फुटू शकते.

राहण्याच्या भागासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल, तर ती शून्याखाली चार्ज करू नये, कारण तिच्या पेशींत धातुरूप लिथियम साचून त्या कायमच्या खराब होतात. थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारी यंत्रणा तिच्यात आहे का, ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि बॅटरी गाडीच्या आत, उबदार कप्प्यात बसवावी. हिवाळ्यात सौर पॅनेलवर फारशी भिस्त ठेवता येत नाही. दिवस लहान, डोंगराची सावली लांब आणि पॅनेलवर बर्फ, अशी स्थिती असल्याने गाडी चालताना अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या वीजनिर्मिती यंत्रातून, चार्ज होण्याची सोय हवी. हीटर पेटताना काही मिनिटे आठ-दहा अँपिअर घेतो, नंतर एक-दोनवर येतो. रात्रीचा हिशेब त्यावरून मांडावा.

सहावी पायरी : चाके, आणि कोठवर जायचे

येथे मला स्पष्ट बोलावेसे वाटते. वरची सारी तयारी गाडी बर्फाच्या मुलखात राहण्यासाठी आहे. बर्फाने झाकलेला चढ चढण्यासाठी नाही. तीन-चार टनांची, मागे लांब लोंबणारी, दोनच चाकांना ताकद मिळणारी गाडी गोठलेल्या उतारावर एकदा घसरू लागली, की कितीही निष्णात चालक तिला थांबवू शकत नाही. बर्फवृष्टीनंतर मनालीच्या वर प्रशासन बहुधा फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या) किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडते. अशा दिवशी मोटरहोम खालच्या सपाट जागी ठेवून स्थानिक फोर बाय फोर टॅक्सीने पुढे जावे.

तरीही साखळ्या जवळ हव्यात, कारण मुक्कामाच्या जागीच रात्रीत फूटभर बर्फ पडू शकतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या मापाच्याच साखळ्या घ्याव्यात आणि त्या ताकद मिळणाऱ्या चाकांना लावाव्यात. फोर्स ट्रॅव्हलरला मागच्या चाकांना ताकद मिळते, टाटा विंगरला पुढच्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून साखळी चढवण्या-उतरवण्याचा सराव करावा, अंधारात टॉर्चच्या उजेडातही करावा. साखळ्या लावल्यावर वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास ठेवावा आणि मोकळा डांबरी रस्ता लागताच त्या काढाव्यात.

सात अंशांखाली साध्या टायरचे रबर कडक होऊन पकड घटते, म्हणून झिजलेले टायर घेऊन निघूच नये. हवेचा दाबही उतरतो. पुण्यात ३० अंशांना ६० पीएसआय भरलेला टायर उणे पाच अंशांत सुमारे आठ पीएसआयने खाली येतो. उंचीमुळे त्यातला थोडा भाग भरून निघतो, पण अंदाजावर न चालता मुक्कामाच्या जागी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी दाब मोजावा. सोबत फावडे, वाळूची गोणी, टोचनचा पट्टा, लाकडी ठोकळे आणि जॅकखाली ठेवण्यासाठी जाड फळी असावी.

सातवी पायरी : चाचणी, प्रवास आणि मुक्काम

तयार झालेली गाडी थेट दोन हजार किलोमीटरवर नेऊ नये. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात काही पहाटे दवबिंदू गोठतात. पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत याहून चांगली चाचणीची जागा नाही. परवानगी असलेल्या जागी सलग दोन रात्री राहावे, हीटर रात्रभर चालवावा आणि सकाळी कोठे पाणी सुटले आहे ते हात फिरवून पाहावे. ओला लागलेला प्रत्येक कोपरा फोमची राहून गेलेली जागा दाखवतो. परतल्यावर तेवढाच भाग उघडून दुरुस्त करावा.

नाशिक-धुळे-इंदूरमार्गे उत्तरेकडे जाताना दिल्ली, हरियाणा आणि पंजाबच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत दाट धुके असते. पिवळे फॉग लॅम्प आणि मागचे दिवे आधी तपासावेत, आणि पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर निघावे.

मुक्कामाची जागा निवडताना हिमस्खलनाची उतरण, नाल्याचे पात्र आणि बर्फाने लदलेल्या छतांच्या कडा टाळाव्यात. सकाळचे ऊन मिळेल अशी सपाट जागा शोधावी. हँडब्रेक ओढून ठेवला तर ओले ब्रेक चिकटून गोठू शकतात, म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत. वायपर काचेवरून उचलून ठेवावेत, दारांच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारावा. छतावरचा बर्फ रोज काढावा: ताजा भुसभुशीत बर्फ हलका दिसतो, पण दहा चौरस मीटर छतावर फूटभर साचल्यास त्याचे वजन दोन-तीनशे किलो होऊ शकते आणि ओला बर्फ त्याच्या कितीतरी पट जड असतो. त्यासाठी रबरी पट्टीचा लांब दांडा वापरावा, छतावर चढू नये.

सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी सायलेन्सर आणि हीटरच्या पाइपाभोवतीचा बर्फ काढावा, काचा पूर्ण साफ कराव्यात, ग्लो प्लगचा (थंड डिझेल इंजिन पेटावे म्हणून आधी तापणाऱ्या भागाचा) दिवा विझेपर्यंत थांबावे. सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर दिसत नाही असा पातळ बर्फ असतो. तेथे वरच्या गिअरमध्ये जाण्याची घाई न करता इंजिनच्या ब्रेकवर, अंतर राखून, हळू उतरावे.

पुण्यात परतल्यावर चॅसिसखालचा भाग दाबाच्या पाण्याने धुऊन घ्यावा, कारण रस्त्यावर टाकलेले मीठ व चिखल पत्र्याला लवकर गंज आणतात. पॅनेल व गाद्या उन्हात सुकवाव्यात, हीटर थोडा वेळ पूर्ण आचेवर चालवून काजळी जाळावी, आणि वाकड्या पाइपांत घातलेले ग्लायकॉल स्वच्छ पाण्याने धुऊन मगच पिण्याच्या पाण्याची टाकी भरावी.